अहवाल नवव्या दिवशी आला: फ्लूच्या नमुन्यांचे पुढे नेमके काय होते?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. जुलै महिन्यात माझे वडील (वय ७४, मधुमेह आहे) ताप, खोकला आणि धाप यांमुळे पश्चिम महाराष्ट्रातील एका मोठ्या रुग्णालयात दाखल होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तंत्रज्ञ आले. त्यांनी वडिलांच्या नाकातून आणि घशातून स्राव घेतला, दोन्ही काड्या गुलाबी द्रवाच्या एकाच नळीत मोडून टाकल्या, एक फॉर्म घाईघाईने भरला आणि ते निघून गेले. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना तसाच ताप आणि तसाच खोकला होता, पण त्यांचा नमुना घेतला नाही. सहाव्या दिवशी वडिलांना घरी सोडले. अहवाल आला नवव्या दिवशी, तोही मी तीन वेळा फोन केल्यानंतर. त्यावर एवढेच लिहिले होते: ‘इन्फ्लुएन्झा ए, एच३’. तोवर वडील अंगणात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचू लागले होते, आणि त्याच वर्तमानपत्रात ‘फ्लूचा पॉझिटिव्हिटी रेट वाढला’ अशी ठळक बातमी होती.

वडील बरे झाले, त्यामुळे माझी तक्रार उपचारांबद्दल नाही. मला समजून घ्यायचे आहे ते असे की, ज्या तपासणीचा निकाल रुग्ण घरी गेल्यावर येतो, ती तपासणी कोणासाठी केली जाते? एका खाटेवरचा नमुना घ्यायचा आणि शेजारच्या खाटेवरचा घ्यायचा नाही, हे कशावरून ठरते? आणि बातमीतल्या त्या टक्केवारीत माझ्या वडिलांचा समावेश होता का? या क्षेत्रातल्या जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पिपेटवाला

मी विषाणू निदान प्रयोगशाळेत अकरा वर्षे काम केले आहे, म्हणून तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांना मीच तोंड देतो.

तुमच्या वडिलांचा नमुना बहुधा त्यांच्यासाठी घेतलेलाच नव्हता. हे ऐकायला कठोर वाटेल, पण गैरसमजाचे मूळ इथेच आहे. रुग्णाच्या उपचारासाठी करायची तपासणी वेगळी आणि रोगसर्वेक्षणासाठी घेतलेला नमुना वेगळा, जरी दोन्हींची नळी, काडी आणि यंत्र एकच असले तरी. सर्वेक्षणात काही ठरावीक रुग्णालये निवडलेली असतात. तिथे बाह्यरुग्ण विभागात येणारे फ्लूसदृश आजाराचे रुग्ण, ज्यांना आम्ही आयएलआय म्हणतो, आणि दाखल करावे लागलेले तीव्र श्वसनविकाराचे रुग्ण, ज्यांना सगळे ‘सारी’ म्हणतात, अशा दोन गटांतून नमुने घेतले जातात. व्याख्या साधी आहे: ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, सोबत खोकला, आणि आजार गेल्या १० दिवसांत सुरू झालेला असावा; ‘सारी’मध्ये तापाचा नुसता इतिहासही चालतो, पण दाखल करण्याची गरज पडलेली असावी लागते. या व्याख्येत बसणाऱ्या प्रत्येकाचा नमुना घेणे शक्य नसते आणि आवश्यकही नसते. म्हणून ठरलेल्या वारी येणारे पहिले काही रुग्ण, असा काहीतरी नियम लावतात. शेजारचे गृहस्थ कदाचित आदल्या रात्री उशिरा दाखल झाले असतील, किंवा त्यांचा ताप बाराव्या दिवसावर गेला असेल. हे नशिबावर सोडल्यासारखे दिसते, पण नियम लावून सोडलेले नशीब हेच या पद्धतीचे बळ आहे. डॉक्टरांनी ‘हा जास्त आजारी दिसतो, याचा घेऊ’ असे निवडायला सुरुवात केली, की पुढचे सगळे आकडे वाकडे होतात.

आता नळीचा प्रवास. तो गुलाबी द्रव म्हणजे व्हीटीएम, विषाणू वाहून नेण्याचे माध्यम. त्यातला रंग आम्लता दाखवतो. नळी पिवळी पडून आली, तर आत जिवाणूंनी संसार थाटला आहे असे आम्ही समजतो. काडी नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची लागते. लाकडी दांडीला कापूस गुंडाळलेली काडी वापरली, तर पीसीआरची, म्हणजे विषाणूचे जनुक शोधणाऱ्या तपासणीची, अभिक्रियाच अडू शकते, आणि तरीही अशा काड्या अधूनमधून येतातच. नळी २ ते ८ अंशांत ठेवून, बर्फाच्या पिशव्यांसह, तीन थरांच्या वेष्टनात पाठवतात. प्रयोगशाळेत ती दोन-तीन दिवसांत पोचली तर ठीक. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० अंशांच्या फ्रीझरची गरज असते. घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यासारख्या उणे २० अंशांत ठेवणे हा मधला मार्ग नव्हे, कारण गोठण्या-वितळण्यात विषाणूची मोडतोड होते.

आमच्याकडे नमुना आला की त्यातला आरएनए वेगळा काढायचा आणि पीसीआर लावायचा. पहिल्या फेरीत तीन गोष्टी पाहतात: इन्फ्लुएन्झा ए आहे का, बी आहे का, आणि आरएनेझ-पी हे माणसाचे स्वतःचे जनुक सापडते का. हे तिसरे कशाला, असा प्रश्न प्रत्येक नवा विद्यार्थी विचारतो. माणसाचे जनुकच सापडले नाही, तर काडी नाकाच्या आतल्या आवरणाला लागलीच नाही, फक्त हवा फिरवून बाहेर आली, असा त्याचा अर्थ होतो. अशा नमुन्याला ‘निगेटिव्ह’ म्हणता येत नाही, तो बाद धरावा लागतो. कोणत्या वॉर्डातून असे ‘हवेचे’ नमुने जास्त येतात हे आम्हाला महिनाभरात कळते, पण ते इथे लिहीत नाही.

ए प्रकार सापडला की दुसऱ्या फेरीत उपप्रकार: २००९ च्या साथीतला एच१ की एच३. तुमच्या अहवालातला ‘एच३’ तो हा. यंत्राच्या प्लेटमध्ये ९६ खळगे असतात आणि प्रत्येक वेळी त्यांतले काही नियंत्रण नमुन्यांसाठी, म्हणजे ज्यांचे उत्तर आधीच माहीत आहे अशा नमुन्यांसाठी, राखून ठेवावे लागतात. किट महाग असते, त्यामुळे पाच नमुन्यांसाठी प्लेट लावणे परवडत नाही. पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबावे लागते. उशिराचे मोठे कारण हे. तरीही नऊ दिवस हे कोणत्याही हिशेबाने जास्तच झाले, त्याचे समर्थन मी करणार नाही. प्रयोगशाळेत तीन दिवस गेले असतील, तर उरलेले सहा दिवस कागद कोणत्या तरी टेबलावर पडून होता.

पण प्रवास इथे संपत नाही, आणि माझ्या मते खरा रस इथून पुढे आहे. पॉझिटिव्ह नमुन्यांतले काही, विशेषतः ज्यांत विषाणूचे प्रमाण भरपूर आहे ते, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या राष्ट्रीय इन्फ्लुएन्झा केंद्राकडे जातात. १९५२ साली ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून सुरू झालेली हीच ती संस्था, जिला पुणेकर नुसते ‘एनआयव्ही’ म्हणतात. तिथे कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या एमडीसीके नावाच्या पेशींवर जिवंत विषाणू वाढवतात. पीसीआर फक्त ‘आहे की नाही’ आणि ‘कोणता’ एवढे सांगतो. विषाणू आपले रूप किती बदलतो आहे, हे कळायला तो हातात जिवंत लागतो. मग टर्की पक्ष्याच्या किंवा गिनीपिगच्या तांबड्या पेशी घेऊन पाहतात की, जुन्या विषाणूविरुद्ध फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात तयार केलेली प्रतिद्रव्ये या नव्या विषाणूला अडवतात का. अडवत नसतील, तर जुनी लसही फारशी अडवणार नाही अशी शंका घ्यावी लागते. सोबत जनुकक्रमही तपासतात. न्यूरामिनिडेज या प्रथिनात एच२७५वाय नावाचा एक बदल झाला की ओसेल्टामिविर हे औषध एच१एन१ वर काम करीनासे होते. तो बदल पसरतो आहे का, हेही याच नमुन्यांतून कळते.

देशोदेशींची अशी माहिती घेऊन जागतिक आरोग्य संघटनेची तज्ज्ञ समिती वर्षातून दोनदा बसते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धाच्या लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरते, कारण लस तयार करायला पुढे सहा-एक महिने लागतात. लसीच्या खोक्यावर मध्यंतरी ‘ए/डार्विन/९/२०२१’ असे लिहिलेले असायचे ना? त्याचा अर्थ ए प्रकारचा, ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरी घेतलेला, प्रयोगशाळेच्या नोंदीत ९ क्रमांकाचा, २०२१ सालचा नमुना. तोही कोणा एका माणसाच्या नाकातून निघालेला स्राव होता, आणि त्या माणसालाही अहवाल वेळेवर मिळाला असेलच असे नाही.

तालुक्याचा_डॉक्टर

पिपेटवाला यांनी प्रयोगशाळेची बाजू मांडली आहे. मी दवाखान्याची मांडतो. मी बालरोगतज्ज्ञ आहे.

धागाकर्त्यांच्या मनात कुठेतरी ‘अहवाल लवकर आला असता तर उपचार बदलले असते’ अशी खंत असेल, तर ती काढून टाकावी. वय ७४, मधुमेह आणि धाप असलेल्या माणसाला फ्लूच्या दिवसांत ओसेल्टामिविर सुरू करण्यासाठी अहवालाची वाट पाहायची नसते. या औषधाचा सर्वाधिक उपयोग पहिल्या ४८ तासांत होतो. अहवाल दुसऱ्या दिवशी आला असता तरी ती वेळ बहुधा टळलेली असती. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णांची अ, ब आणि क अशी वर्गवारी आहे. सौम्य आजाराच्या अ गटाला तपासणीही नाही आणि औषधही नाही. जास्त ताप असणाऱ्या किंवा जोखमीच्या ब गटाला तपासणीशिवाय औषध सुरू करता येते. तपासणी सांगितलेली आहे ती दाखल करावे लागणाऱ्या क गटासाठी. ही वर्गवारी लक्षात ठेवा, पुढे आकड्यांची चर्चा निघाली की ती कामाला येईल.

लहान मुलांबद्दल एक मुद्दा राहून गेला. वर दिलेल्या व्याख्येत ताप अनिवार्य आहे, कारण ती व्याख्या फ्लू डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. पण तान्ह्या बाळांना सर्वाधिक त्रास देणारा विषाणू फ्लूचा नाही, तो आरएसव्ही. पावसाळ्यात माझ्याकडे पाच-सहा महिन्यांची बाळे येतात. छाती आत ओढली जात असते, दूध ओढता येत नसते, श्वास मोजला तर मिनिटाला साठच्या वर असतो, आणि अंगाला हात लावला तर गार. तापाची अट लावली की अशी निम्मी बाळे मोजणीतून निसटतात. जागतिक आरोग्य संघटनेने १४ देशांत आरएसव्हीच्या सर्वेक्षणाचा प्रयोग सुरू केला, तेव्हा ‘सारी’च्या व्याख्येतून तापाची अट काढून टाकली ती याच कारणाने. तात्पर्य असे की प्रयोगशाळेला काय सापडते, हे दारावरचा माणूस कोणाला आत सोडतो यावर ठरते.

आणखी एक विनंती. खासगी प्रयोगशाळेत एकाच वेळी वीसेक विषाणू पाहणारी महागडी तपासणी मिळते. पालक तो अहवाल घेऊन येतात आणि विचारतात, ‘डॉक्टर, ऱ्हायनोव्हायरस निघाला, आता काय?’ हा साध्या सर्दीचा विषाणू धडधाकट मुलांच्या नाकातही सापडतो. तो तिथे होता एवढेच अहवाल सांगतो. आजार त्यानेच केला असे सांगत नाही.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे वडिलांच्या नाकातली काडी ही वडिलांसाठी नव्हती, तर त्या आठवड्यासाठी होती, असे मी समजतो. ही गोष्ट तंत्रज्ञांनी एका वाक्यात सांगितली असती तर माझे तीन फोन वाचले असते.

आता उरलेला प्रश्न टक्केवारीचा. ‘पॉझिटिव्हिटी रेट २० टक्के’ याचा अर्थ गावातल्या शंभरांपैकी वीस जणांना फ्लू झाला, असा आमच्या कट्ट्यावर सर्वांनी घेतला. एक निवृत्त शिक्षक तर म्हणाले की स्वाइन फ्लूने शंभरात सात माणसे मरतात, हे सरकारी आकड्यांवरूनच निघते. हे खरे आहे का?

सरासरी

शिक्षकांचा भागाकार बरोबर आहे, निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि हा फरक समजावून सांगण्यासारखा आहे.

त्यांनी बहुधा २०१५ चे आकडे घेतले असावेत. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाच्या नोंदीनुसार त्या वर्षी देशात एच१एन१ चे, म्हणजे स्वाइन फ्लूचे, ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यू झाले. भागाकार केला तर ७ टक्के येतात. पण त्याच तक्त्यात २०१४ ची ओळ पाहा: ९३७ रुग्ण आणि २१८ मृत्यू, म्हणजे २३ टक्के. आणि २००९ ची पाहा: २७,२३६ रुग्ण आणि ९८१ मृत्यू, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. या सहा वर्षांत विषाणू आधी सहापट जहाल आणि मग एका वर्षात तिपटीने सौम्य झाला, असे कोणी म्हणणार आहे का? बदलला तो छेद, म्हणजे ज्यांची तपासणी झाली त्यांची संख्या. २००९ साली पुण्यात ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू झाला आणि शहर हादरले. तोंडाला रुमाल बांधलेले लोक तपासणीसाठी महापालिकेच्या नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लावून उभे राहिले. साधी सर्दी असलेलेही त्या रांगेत होते, त्यामुळे छेद फुगला आणि टक्केवारी खाली आली. २०१४ साली कोणाला फ्लूची आठवणही नव्हती. तपासणी झाली ती जवळजवळ फक्त अतिदक्षता विभागातल्यांची. डॉक्टरांनी वर सांगितलेला क गट तो हाच. अ आणि ब गटांतले लक्षावधी लोक घरी काढा पिऊन बरे झाले आणि कोणत्याही तक्त्यात आले नाहीत. म्हणून या भागाकाराला मृत्युदर म्हणता येत नाही. ‘तपासले गेलेल्यांपैकी दगावलेले’ एवढेच त्याचे नाव.

पॉझिटिव्हिटी रेटचेही तसेच. तो गावाचा टक्का नाही, नळ्यांचा टक्का आहे. समजा, एका आठवड्यात ४० नमुने आले आणि ८ पॉझिटिव्ह निघाले: २० टक्के. पुढच्या आठवड्यात गणपतीच्या सुट्ट्या आल्या, बाह्यरुग्ण विभाग ओस पडला, फक्त गंभीर रुग्णांचे १० नमुने आले आणि त्यांतले ४ पॉझिटिव्ह निघाले: ४० टक्के. बातमी होणार ‘फ्लू दुपटीने वाढला’. प्रत्यक्षात सापडलेले रुग्ण निम्मे झालेले आहेत! शिवाय इतक्या छोट्या संख्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो. संख्याशास्त्राच्या भाषेत पहिल्या आठवड्याचा खरा टक्का १० ते ३५ च्या दरम्यान आणि दुसऱ्याचा १७ ते ६९ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. या दोन पट्ट्या एकमेकींवर एवढ्या चढतात की दोन आठवड्यांत काही बदलले असे छातीठोकपणे म्हणताच येत नाही.

मग या टक्क्याचा उपयोग काय? तुम्ही कृष्णाकाठचे आहात, म्हणून तुमच्याच भागातले उदाहरण देतो. पावसाळ्यात रोज सकाळी कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथला पाऊस मिलिमीटरमध्ये छापून येतो. त्यावरून तुमच्या परड्यात किती पाऊस पडला हे कळत नाही आणि कोणी तशी अपेक्षाही करत नाही. पण पर्जन्यमापक त्याच जागी, त्याच वेळी, वर्षानुवर्षे वाचला जातो, म्हणून धरण कधी भरेल याचा अंदाज बांधता येतो. आज नवजाचे माप आणि उद्या दुसऱ्याच कुठल्या गावचे माप छापले असते, तर तो आकडा निरर्थक ठरला असता. निवडक रुग्णालयांतून, एकाच व्याख्येने, दर आठवड्याला ठरल्याइतके नमुने घेण्याचा अट्टहास त्यासाठीच. तो पाळला, तर टक्का कधी चढू लागला, कधी शिखर गाठले आणि या वर्षी कोणता उपप्रकार पुढे आहे, एवढे नक्की कळते.

अशाच वर्षानुवर्षांच्या मोजणीतून कळलेली एक गोष्ट आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे. भारतात फ्लूचा एक हंगाम नाही. श्रीनगरला तो थंडीत, जानेवारी ते मार्च या काळात येतो. पुण्यासह देशाच्या बऱ्याच भागांत मुख्य लाट पावसाळ्यात येते, आणि काही वर्षी थंडी सरताना दुसरी लाट उठते. २०१५ चा उद्रेक असाच वर्षाच्या सुरुवातीचा होता. लस ऑक्टोबरमध्ये घ्यावी ही युरोप-अमेरिकेतली शिफारस आपण जशीच्या तशी उचलली, तर आपल्याकडची मुख्य लाट ओसरल्यावर लस घेतल्यासारखे होते. महाराष्ट्रात ती पावसाळ्यापूर्वी घेणे शहाणपणाचे, आणि हे शहाणपण कोणत्याही एका रुग्णाच्या अहवालातून आलेले नाही.

शंकासुर

सगळे पटले, पण मग जानेवारी २०२५ मध्ये काय झाले होते? चीनमध्ये एचएमपीव्ही या श्वसनविषाणूची साथ असल्याची चित्रफीत फिरत होती, आणि चार दिवसांत बेंगळुरूमध्ये दोन बाळांना तोच विषाणू सापडला. परदेशी न गेलेल्या बाळांमध्ये तो आला कुठून? आधीपासून होता, तर सरकारने लपवला का?

पिपेटवाला

लपवला नाही. आधी तो शोधायला कोणाला सवड नव्हती, आणि जे शोधत होते त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते. ती दोन बाळे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नेहमीच्या श्वसनविषाणू सर्वेक्षणातच सापडली, असे आरोग्य मंत्रालयाने ६ जानेवारीला स्पष्ट केले होते. हा विषाणू २००१ साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेला. त्या शास्त्रज्ञांनी १९५८ पासून साठवून ठेवलेले रक्तद्रव काढून तपासले, तेव्हा त्यांतही त्याची प्रतिद्रव्ये सापडली. म्हणजे ओळख पटण्याआधी निदान चाळीस वर्षे तो माणसांत वावरत होता. आमच्या वहीत तो दर हंगामात येतो. त्या आठवड्यात बदल झाला तो एवढाच की आमची वही दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. त्या दिवशी आमच्याकडे जितके फोन आले तितके नमुने आले असते, तर प्लेट भरून वाहिली असती.

अटलांटिकपल्याड

मी मूळची साताऱ्याची, सध्या अमेरिकेतील एका राज्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत काम करते. सरासरी यांच्या छेदाच्या मुद्द्याला इकडची एक पुस्ती जोडते.

इथे रुग्णालयांच्या प्रयोगशाळा आणि आमच्यासारख्या सार्वजनिक प्रयोगशाळा, दोन्ही फ्लूचे आकडे सीडीसीला, म्हणजे इथल्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेला, पाठवतात. पूर्वी ते एकत्र छापले जात. २०१५-१६ च्या हंगामापासून दोन्ही वेगळे छापतात, कारण दोघांचे छेद वेगळे आहेत. रुग्णालये कोणाचीही तपासणी करतात, म्हणून फ्लू किती फिरतो आहे यासाठी त्यांचा टक्का पाहायचा. आमच्याकडे बऱ्याचदा आधीच पॉझिटिव्ह ठरलेले नमुने उपप्रकारासाठी येतात. आमचा टक्का पाहून कोणी ‘किती’ ठरवले तर घबराटच होईल; आमच्याकडून ‘कोणता’ एवढेच घ्यायचे. आपल्याकडे बातमी देताना हा फरक एका ओळीत जरी लिहिला, तरी कट्ट्यावरचे निम्मे वाद मिटतील.

दुसरे असे की, या कामात सर्वांत महत्त्वाचा निकाल बहुतेक वेळा ‘कळत नाही’ हा असतो. मार्च २००९ च्या अखेरीस दक्षिण कॅलिफोर्नियात दहा वर्षांचा एक मुलगा आणि नऊ वर्षांची एक मुलगी, एकमेकांशी काही संबंध नसलेली दोन मुले, साध्या तापा-खोकल्याने आजारी पडली. मुलाचा नमुना एका नव्या तपासणी-यंत्राच्या अभ्यासात घेतलेला होता आणि मुलीचा सीमाभागातल्या सर्वेक्षणात. दोन्ही नमुने ए प्रकारासाठी पॉझिटिव्ह निघाले, पण एच१ नाही, एच३ नाही, कुठेच बसेनात. पुढे १५ आणि १७ एप्रिलला सीडीसीने ते डुकरांतल्या विषाणूपासून आलेले, पूर्वी न पाहिलेले रूप असल्याचे ओळखले. त्या वर्षीच्या महासाथीची पहिली खूण ही होती. दोन्ही मुले बरी झाली. डॉक्टरांच्या वर्गवारीत ती ‘अ’ किंवा फार तर ‘ब’ गटात बसली असती, म्हणजे उपचाराच्या दृष्टीने त्यांची तपासणी करण्याचे काहीच कारण नव्हते. आजही ‘ए आहे, पण उपप्रकार लागत नाही’ असा निकाल दिसला की आमच्याकडे हातातले काम खाली ठेवून फोन उचलतात. २००६ साली नवापूरच्या कोंबड्यांमध्ये एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, सापडला होता, हे आठवत असेल, तर ही धास्ती आपल्याकडेही का असायला हवी ते सांगावे लागणार नाही.

आणि कधी कधी न सापडणे हाही निकाल असतो. इन्फ्लुएन्झा बी च्या यामागाता या कुळाचा विषाणू मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने तो लसीतून वगळावा असे सांगितले, आणि चार घटकांची लस पुन्हा तीन घटकांची होऊ लागली. जगभरातल्या प्रयोगशाळांनी तीन-साडेतीन वर्षे लाखो नमुन्यांत ‘यामागाता: नाही’ असे कंटाळा न करता लिहिले, म्हणून हे म्हणता आले. एकाही आठवड्याची ती रिकामी ओळ बातमी झाली नव्हती.

कृष्णाकाठ

काल वडिलांच्या फायलीत त्या फॉर्मची कार्बन प्रत सापडली. नाव, वय, वॉर्ड, नमुना घेतल्याचा दिनांक हे सगळे आहे. ‘लक्षणे सुरू झाल्याचा दिनांक’ ही चौकट मात्र कोरी आहे. आम्हाला कोणी विचारलेच नव्हते. विचारले असते तर लगेच सांगितले असते, कारण आषाढी एकादशीच्या संध्याकाळी देवळातून आल्यावर त्यांनी पहिल्यांदा थंडी वाजते म्हणून घोंगडी मागितली होती. आता या चौकटीचा काही उपयोग आहे का?

पिपेटवाला

आहे. ती चौकट कोरी असली की दोन अडचणी होतात. नमुना दहा दिवसांच्या आत घेतला की नाही हेच ठरत नाही, म्हणजे व्याख्येत बसतो की नाही हा प्रश्न राहतो. आणि तुमच्या वडिलांची नोंद, ज्या आठवड्यात विषाणू त्यांच्यापर्यंत पोचला त्या आठवड्याऐवजी, नमुना घेतला त्या आठवड्यात पडते. एकादशीला पंढरपुरात आणि गावोगावी किती माणसे एकत्र येतात हे तुम्हाला सांगायला नको. नंतरच्या आठवड्याचा आलेख पाहणाऱ्याला तो एक-दोन दिवसांचा फरकही हवा असतो. मी काम करत असताना येणाऱ्या फॉर्मांत सर्वांत जास्त कोरी चौकट हीच असायची, आणि आम्ही फोन करून विचारायचो तेव्हा रुग्ण घरी गेलेला असायचा.

रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात सर्वेक्षणाची नोंद संगणकावर भरणारी एक व्यक्ती असते. अहवालावर वरच्या कोपऱ्यात नमुन्याचा क्रमांक छापलेला असेल. तो क्रमांक आणि एकादशीची तारीख त्या व्यक्तीला कळवा. नोंद दुरुस्त करता येते; मी स्वतः कित्येक केल्या आहेत. या वेळी एकाच फोनमध्ये काम व्हावे.